सिम्युलेशन बेसबॉल: पिचरचं फिल्डिंग रेटिंग कशावरून ठरवायचं?

हिशेबनीस (एरंडवणे)

नमस्कार मंडळी. रविवारच्या आपल्या लीगसाठी (खऱ्या बेसबॉल खेळाडूंच्या आकड्यांवरून बनवलेली कार्डं आणि फासे घेऊन आपण सामने खेळतो) यंदा कार्डं घरीच बनवायची ठरलं आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. बॅटिंगचे आकडे बसवून झाले. पिचरांचे (चेंडू टाकणाऱ्यांचे) स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस), होमरन झाले. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) आणि सेंटर फिल्डवरून बरीच वादावादी झाली, तीही मिटली. आता गाडी अडली आहे पिचरांच्या फिल्डिंगवर. माझं मत विचाराल तर या एका रकान्याचा आपण कोणी आजवर धड विचारच केलेला नाही.

नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपण स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्डं-फाशांच्या खेळाची पद्धत वापरतो. प्रत्येक फिल्डरला १ ते ५ रेटिंग, १ म्हणजे अव्वल आणि ५ म्हणजे रामभरोसे. शेजारी एररचा, म्हणजे फिल्डिंगमधल्या चुकांचा, वेगळा आकडा. पिचरला शिवाय 'होल्ड', म्हणजे बेसवरच्या रनरला तो किती जखडून ठेवतो ते. दुसऱ्या खेळांची पट्टी निराळी आहे. एपीबीएमध्ये पिचरला १ किंवा २, एवढंच. डायमंड माइंडमध्ये एक्सलंटपासून पुअरपर्यंत पाच पायऱ्या, आणि एररचा आकडा असा की १०० म्हणजे सरासरी. पट्टी कुठलीही घ्या, प्रश्न तोच राहतो.

मागच्या बैठकीत ही रेटिंगं हात वर करून ठरत होती. हा चपळ दिसतो, २ द्या. तो अंगाने जड आहे, ४ द्या. असं चालणार नाही. दुसऱ्या टोकाला काही जण नुसती फिल्डिंग टक्केवारी पाहून रेटिंग लावत होते, म्हणजे हातात आलेल्या चेंडूंपैकी किती बिनचूक हाताळले. त्यात काय गोम आहे ते एका उदाहरणावरून बघा. ग्रेग मॅडक्स या पिचरकडे १८ गोल्ड ग्लव्ह (फिल्डिंगचा वार्षिक पुरस्कार) आहेत, कुठल्याही जागेवरच्या खेळाडूपेक्षा जास्त. त्याची कारकिर्दीची टक्केवारी ०.९७०. चांगली आहे, पण अशी टक्केवारी असलेले कितीतरी पिचर आहेत आणि त्यांचं नावही कोणाला आठवत नाही. मॅडक्सचं मोठेपण टक्केवारीत नाहीच. तो ज्या चेंडूंपर्यंत पोचला त्यात आहे. ५४६ पुटआउट (स्वतः बाद केलेले) आणि ११९४ असिस्ट (चेंडू अडवून किंवा फेकून दुसऱ्याला बाद करायला केलेली मदत). पुटआउटचा तो आकडा पिचरांमधला विक्रम आहे.

तर मला पद्धत हवी आहे. कशाला किती वजन द्यायचं, आणि कशावर विश्वास ठेवायचा नाही.

नवव्या_डावात (कोथरूड)

धागा काढलात हे फार बरं केलं. माझा प्रस्ताव साधा आहे. सुरुवात गोल्ड ग्लव्हपासून करा. १९५७ पासून हा पुरस्कार दिला जातोय, आणि १९६५ पासून मतं देतात ती मॅनेजर आणि कोच मंडळी. रोज डगआउटमधून बघणारी माणसं. जिम काटला सलग १६ मिळाले, १९६२ ते १९७७. बॉब गिब्सनला ९. गिब्सनचं तर बघा, चेंडू टाकून झाल्यावर अख्खं अंग पहिल्या बेसकडे कलंडायचं, तरीही ९. आकड्यांना हे दिसतच नाही. ज्याला पुरस्कार त्याला १, ज्याचं नाव कायम चर्चेत असतं त्याला २, बाकी ३. मग खाली उतरत जा.

हिशेबनीस (एरंडवणे)

नवव्या_डावात, काटचंच उदाहरण घेऊ. १९६९ साली त्याने ८ एरर केल्या, टक्केवारी ०.८२६. त्या वर्षीही गोल्ड ग्लव्ह त्यालाच. म्हणजे मतदारांनी त्या वर्षाचा खेळ पाहिला नाही, आधीच्या सात वर्षांची पुण्याई पाहिली. मी कोचांना नावं ठेवत नाही. पिचरच्या फिल्डिंगचे प्रसंगच इतके तुरळक असतात की कोणाच्याही डोळ्यांत एक-दोन झेल तेवढे राहतात. २०१३ पासून त्या मतदानात आकड्यांवर आधारलेल्या निर्देशांकाला सुमारे २५ टक्के वजन देतात, तेही याचसाठी असावं.

आपलं कार्ड एका हंगामाचं असतं. १९६९ चा काट आणि १९६६ चा काट एकाच रेटिंगचे कसे असतील?

पर्वती_पायथा

आधी हे बघू की आपण ज्यावर एवढी डोकेफोड करतोय त्याने खेळात फरक किती पडतो. माझ्याजवळ हिशेब तयार आहे.

तीन फाशांत एकूण २१६ शक्यता. त्यातल्या १०८ बॅटरच्या कार्डावर, १०८ पिचरच्या. पिचरच्या कार्डावर 'एक्स' लिहिलेल्या जागा ३०, म्हणजे जिथे निकाल फिल्डरच्या रेटिंगवर सोडलेला असतो. त्या ३० ची वाटणी अशी: शॉर्टस्टॉप ७, दुसरा बेस ६, तिसरा बेस ३, सेंटर फिल्ड ३, कॅचर ३, पहिला बेस २, डावं फिल्ड २, उजवं फिल्ड २, आणि पिचर २.

म्हणजे २१६ बॅटरांमागे पिचरवर येणारे चेंडू दोन. २०० इनिंग टाकणारा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) हंगामात साधारण ८५० बॅटरांसमोर येतो. त्याच्या वाट्याला असे प्रसंग आले आठ. अख्ख्या हंगामात आठ! शॉर्टस्टॉपकडे बघा. १६२ सामन्यांत संघासमोर सहा हजारांहून थोडे जास्त बॅटर येतात, त्यामुळे त्याच्या जागेवर सुमारे २०० प्रसंग.

आता वाईटात वाईट धरून चालू. ते आठच्या आठ चेंडू ५ रेटिंगवाल्याने सिंगल (बॅटर पहिल्या बेसवर सुखरूप) होऊ दिले आणि १ वाल्याने सगळे आउट केले. सिंगल आणि आउट यात साधारण पाऊण धावेचा फरक धरतात. म्हणजे सहा धावा. प्रत्यक्षात फरक याहून बराच कमी, कारण १ वाला सगळे अडवत नाही आणि ५ वाला सगळे सोडत नाही. सांगायचा मुद्दा, ड्राफ्टमध्ये (संघासाठी खेळाडू निवडताना) पिचर घेताना या आकड्यासाठी स्ट्राइकआउटवर पाणी सोडू नका.

बंट_आवडे

पायथा, हिशेब बिनतोड. पण धागाकर्त्यांनी ड्राफ्टचा प्रश्न विचारलेला नाही. कार्डावर काय छापायचं हे ते विचारतायत. फरक कमी पडतो म्हणून आकडा कसाही छापला तर मग कार्डं घरी बनवायचा खटाटोप कशाला?

दुसरं, ते आठ प्रसंग एकाच संघाच्या एकाच पिचरचे. पिचरांचा ताफा म्हणून बघा, पन्नासच्या वर जातात. शिवाय तुमचा हिशेब फक्त एक्सचा झाला. बंटचा (बॅटने चेंडू हळूच जवळ टाकण्याचा) तक्ता वेगळा आहे आणि आपल्या घरच्या नियमात आपण पिचरचं रेटिंग त्यातही घेतलंय. बंट कधी होतो? सातव्या-आठव्या इनिंगमध्ये, एका धावेचा सामना असताना. त्या वेळी ४ वाला पिचर माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) असेल तर माझा मॅनेजरी निर्णय बदलतो, आणि त्यातच तर या खेळाची गंमत आहे.

पर्वती_पायथा

बंटच्या तक्त्याचं मान्य. तो हिशेबात धरला नव्हता.

धनकवडी_डावखुरी

मी इथे क्वचित लिहिते, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. कॉलेजात असताना मी सॉफ्टबॉलची पिचर होते. आमचा सराव स. प. च्या मैदानावर व्हायचा. सॉफ्टबॉलमध्ये मुलींचं अंतर ४३ फूट. बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंच, पण चेंडू सुटतो आणि पाऊल पुढे पडतं तेव्हा पिचर ५४-५५ फुटांवर आलेला असतो. ताशी १६० किलोमीटरने परत आलेला चेंडू तिथे चार दशांश सेकंदाच्या आत पोचतो. एवढ्या वेळात कोणी 'धावत' नाही. पाऊल टेकल्यावर तुमचं अंग कुठल्या अवस्थेत आहे आणि ग्लव्ह कुठे आहे, यावरच सगळं ठरतं. क्रिकेटमध्ये बॉलरने आपल्याच चेंडूवर झेल घेतला की आपण त्याच्या हातांचं कौतुक करतो. मला तरी त्यात पायांचा वाटा जास्त दिसतो.

आम्हाला कोच एकच गोष्ट शेकडो वेळा करायला लावायचे. चेंडू पहिल्या बेसकडे गेला की पिचरने तिकडे सुटायचं, पण सरळ बेसच्या दिशेने नाही. आधी रेषेच्या दिशेने, बेसच्या दहा-पंधरा फूट अलीकडे पोचायचं, मग रेषेला समांतर वळून धावत जायचं. थ्रो छातीपाशी घ्यायचा आणि बेसची आतली कड उजव्या पायाने टेकायची, म्हणजे रनरशी टक्कर होत नाही. सरळ धावत गेलात तर वेगामुळे बेस ओलांडून रनरच्या वाटेत जाता. हे ज्याला जमतं तो बरेच पुटआउट मिळवतो. पण लक्षात घ्या, त्यात पहिल्या बेसवाल्याचाही मोठा हात असतो. तो चपळ असेल तर चेंडू उचलून स्वतःच बेस टेकतो, पिचरला काही मिळत नाही. तो जागचा हलत नसेल तर पिचरचे पुटआउट फुगतात.

म्हणून माझं म्हणणं असं: असिस्ट आणि पुटआउट एका मापाने मोजू नका.

नवव्या_डावात (कोथरूड)

ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. पहिल्या बेसवाल्याचा मुद्दा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता.

हिशेबनीस (एरंडवणे)

डावखुरी ताई, मनापासून आभार. पुटआउट अर्धे धरायचे असं मी लिहून घेतो. कोणाची हरकत असेल तर सांगा.

आता भाजक कोणता घ्यायचा ते बघू. आपण सवयीने नऊ इनिंगमागे किती चेंडू हाताळले ते काढतो. मॅडक्सने ५००८ इनिंगमध्ये १७४० चेंडू हाताळले, नऊ इनिंगमागे ३.१३. नोलन रायनने ५३८६ इनिंगमध्ये ७६७, म्हणजे १.२८. जवळजवळ अडीचपट फरक. रायन फिल्डिंगमध्ये कच्चाच होता, ९० एरर आणि ०.८९५ टक्केवारी, त्याबद्दल वाद नाही. पण रायनने ५७१४ स्ट्राइकआउट आणि २७९५ वॉक केले. म्हणजे त्याच्या इनिंगमध्ये चेंडू मैदानात यायचाच कमी. जो चेंडू आलाच नाही तो अडवला नाही म्हणून त्याला दोष कसा देणार?

म्हणून एकूण बॅटरांमधून स्ट्राइकआउट, वॉक, होमरन आणि अंगाला लागलेले चेंडू वजा करा. उरले ते मैदानात आलेले चेंडू. मॅडक्सचे २०४२१ बॅटर, त्यातून ३३७१ स्ट्राइकआउट, ९९९ वॉक, ३५३ होमरन आणि १३७ अंगाला लागलेले काढले की १५५६१ उरतात. त्यातले ११.२ टक्के त्याने हाताळले. रायनचे २२५७५ बॅटर, वजाबाकीनंतर १३५८७. त्याने हाताळले ५.६ टक्के. अडीचपटीचा फरक दुपटीवर आला. क्रम तोच राहिला, पण अंतर खरं झालं. या दोघांत उरलेल्या फरकातला काही भाग ग्राउंडरच्या (जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूंच्या) प्रमाणाचा आहे. मॅडक्स चेंडू खाली ठेवायचा, साहजिकच त्याच्या दिशेने ग्राउंडर जास्त. ज्या हंगामांसाठी ग्राउंडरचे आकडे उपलब्ध आहेत तिथे भाजक ग्राउंडरचाच घ्यावा, जुन्या हंगामांसाठी मैदानात आलेल्या सगळ्या चेंडूंचा.

(इथे पुटआउट पूर्ण धरलेत, तुलना समजावी म्हणून.)

औंधची_नवखी

मी लीगमध्ये नुकतीच आले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आपण तयार बचावात्मक आकडेच का वापरत नाही? शॉर्टस्टॉपसाठी आपण यूझेडआर (फिल्डरने किती धावा वाचवल्या याचा आकडा) वापरला असं बैठकीत ऐकलं.

पर्वती_पायथा

यूझेडआर पिचर आणि कॅचरसाठी काढतच नाहीत. डीआरएस (वाचवलेल्या धावांचा तसाच दुसरा आकडा) पिचरसाठी निघतो, पण २००३ पासून पुढेच. आपल्या लीगमध्ये १९६० आणि ७० च्या दशकातले संघही आहेत, त्यांना काय लावणार? शिवाय डीआरएसमध्ये रनर रोखून धरण्याचं श्रेयही पिचरच्या खात्यात जातं. आपल्याकडे होल्ड वेगळा आहे. तो आकडा जसाच्या तसा घेतला तर एकाच गुणाचे पैसे दोनदा मोजले जातील.

बंट_आवडे

दोनदा मोजण्यावरून आठवलं. पिकऑफ! पिचरने पहिल्या बेसवर फेकून रनर टिपला की पिचरला असिस्ट मिळते. म्हणजे चांगल्या डावखुऱ्या पिचरच्या असिस्टमध्ये पिकऑफची भर असते. तो गुण होल्डमध्ये आलाच आहे. हिशेबनीस, तुमच्या असिस्टमधून पिकऑफ वजा करा, नाहीतर सगळे डावखुरे उगाच २ रेटिंगवर जाऊन बसतील.

आणखी एक. चेंडू पिचरच्या ग्लव्हला लागून उडाला आणि शॉर्टस्टॉपने उचलून आउट केला, तरी नियमाप्रमाणे पिचरला असिस्ट मिळते. त्याचं काही करता येणार नाही, पण हे माहीत असलेलं बरं. कारण असाच चेंडू उडून भलतीकडे गेला तर शॉर्टस्टॉपचा सोपा आउट सिंगल होतो, आणि पिचरच्या नावावर काहीच लागत नाही. हात घालायचा की सोडून द्यायचा, हाही कौशल्याचा भाग आहे आणि तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

हिशेबनीस (एरंडवणे)

पिकऑफचा मुद्दा एकदम बरोबर. वजा करतो.

नवव्या_डावात (कोथरूड)

एररबद्दल कोणी बोललं नाही अजून. २००६ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) आठवते का? डेट्रॉइट टायगर्सच्या पिचरांनी पाच सामन्यांत पाच एरर केल्या, दर सामन्याला एक, आणि सेंट लुईसने मालिका ४-१ अशी घेतली. तो संघ आपल्या लीगमध्ये आहे. त्यांच्या सगळ्या पिचरांना मी ४ सुचवले होते.

हिशेबनीस (एरंडवणे)

त्याच संघात केनी रॉजर्स होता, आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा गोल्ड ग्लव्ह त्याला मिळाला होता. त्यालाही ४ देणार?

आता त्या एरर कसल्या होत्या ते पाहा. झुमायाने समोर आलेला चेंडू नीट उचलला आणि तिसऱ्या बेसकडे भिरकावला. रॉडनीने बंट उचलला आणि पहिला बेस सांभाळायला आलेल्या फिल्डरच्या डोक्यावरून फेकला. व्हरलँडरने पाचव्या सामन्यात बंटवरच तिसऱ्या बेसकडे वाकडा थ्रो केला. तिघेही चेंडूपर्यंत वेळेत पोचले होते. म्हणजे हा दोष रेंजचा (चेंडूपर्यंत पोचण्याचा) नाही, थ्रोचा आहे. आपल्या कार्डावर त्यासाठी वेगळा आकडा आहेच. १ ते ५ ला हात लावायचं कारण नाही. आणि एररचा आकडाही ऑक्टोबरच्या पाच सामन्यांवरून ठरवायचा नसतो, तो पूर्ण हंगामावरून येतो.

धनकवडी_डावखुरी

थ्रोबद्दल अगदी सहमत. माउंडवरून कॅचरकडे फेकणं आणि वाकून, अर्धं वळून पहिल्या बेसकडे फेकणं, ही अंगाच्या दृष्टीने दोन निराळी कामं आहेत. जॉन लेस्टरकडे बघा. त्याच्या काळातल्या उत्तम पिचरांपैकी एक. तरी २०१४ च्या पूर्ण हंगामात त्याने पहिल्या बेसवर पिकऑफचा एकही थ्रो केला नाही. तिकडे फेकायचं म्हटलं की हात आखडायचा. शिकागोला गेल्यावर त्याच्यासाठी डेव्हिड रॉस कॅचर म्हणून बसायचा आणि रनरवर तोच मागून थ्रो करायचा. २०१५ मध्ये चेंडू ग्लव्हमध्ये अडकला तेव्हा लेस्टरने अख्खा ग्लव्हच पहिल्या बेसवाल्याकडे टाकला आणि आउट मिळवला. चेंडू अडवण्यात तो कमी नव्हता. अशा पिचरला एकच आकडा देणारा खेळ त्याच्यावर अन्याय करतो. स्ट्रॅटमध्ये तीन रकाने आहेत म्हणून मला ती पद्धत आवडते. लेस्टरला रेंज ठीकठाक, एरर वाईट, होल्ड फार वाईट. रकाना चुकवू नका, एवढंच म्हणणं आहे.

औंधची_नवखी

आता कळलं. मग ज्यांच्या इनिंग फार कमी आहेत त्यांचं काय? रिलीफ पिचर (सामन्यात मध्येच येणारा बदली) ६० इनिंग टाकतो. त्याच्याकडे हंगामात दहा-बारा चेंडू आले असतील.

पर्वती_पायथा

प्रश्न छान आहे, आणि माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा.

दहा-बारा चेंडूंवरून काहीही ठरत नाही. म्हणून प्रत्येकाच्या खात्यात 'सरासरी पिचर'चे काही चेंडू मिळवायचे. समजा त्या हंगामाची सरासरी ८ टक्के निघाली, आणि आपण प्रत्येकाला सरासरीचे १००० चेंडू उसने दिले. म्हणजे हाताळलेले ८०, आलेले १०००.

रिलीफ पिचरसमोर १५० चेंडू मैदानात आले, त्याने १८ हाताळले. कच्चा आकडा १२ टक्के, एकदम १ रेटिंगचा वाटतो. उसने मिळवल्यावर ९८ भागिले ११५०, म्हणजे ८.५ टक्के. सरासरीच्या जरा वर. त्याला ३, फार तर २.

आता एक स्टार्टर घ्या, तीन हंगाम मिळून १९०० चेंडू, हाताळले २२८, तोही १२ टक्के. उसने मिळवल्यावर ३०८ भागिले २९००, म्हणजे १०.६. याला खुशाल १ द्या, त्याने ते सिद्ध केलंय.

१००० हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला. तो ठरवायचा असेल तर मोठ्या कारकिर्दीच्या पिचरांचे सम आणि विषम सालांचे हंगाम वेगळे काढून जुळतात का ते पाहू. चांगले जुळले तर उसने चेंडू कमी करायचे, नाही जुळले तर वाढवायचे. हे काम मी घेतो.

नवव्या_डावात (कोथरूड)

पण मग कार्ड एका हंगामाचं म्हणालात आणि आकडे तीन हंगामांचे घेताय?

पर्वती_पायथा

मधल्या हंगामाला दुप्पट वजन, आधीच्या आणि नंतरच्याला एकपट. म्हणजे १९६९ च्या काटला १९६८ आणि १९७० चा आधार मिळेल, पण १९६२ चा नाही. एररचा आकडा मात्र निव्वळ त्या हंगामाचा. त्याच्या त्या ८ एरर कार्डावर दिसल्याच पाहिजेत.

नवव्या_डावात (कोथरूड)

हे पटलं. गोल्ड ग्लव्हचा प्रस्ताव मागे घेतो. फक्त दोन पायऱ्यांच्या अगदी सीमेवर कोणी अडकला तर पुरस्कार बघून वर ढकलावा, एवढी सवलत ठेवा.

हिशेबनीस (एरंडवणे)

ठेवली.

बंट_आवडे

जुन्या संघांबद्दल एक सावधगिरी. एड वॉल्शने १९०७ मध्ये २२७ असिस्ट केल्या, पिचरांमधला एका हंगामाचा विक्रम. आजच्या पिचरला त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या मिळाल्या तरी खूप. कारण तो काळच बंटचा होता, चेंडू मऊ असायचा, बॅटर चेंडू खाली ठेवायचे, आणि वॉल्शने ४०० च्या वर इनिंग टाकल्या होत्या. म्हणून सरासरी नेहमी त्याच हंगामाची घ्या. १९०७ ची तुलना १९०७ शी.

उलट बाजूने, २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच बॅटिंग करतो. पिचर बॅटिंगला आला की हमखास व्हायचा तो सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन रनरला पुढे सरकवणारा) जवळपास संपला. २०२३ पासून पिचरला दर बॅटरमागे दोनदाच माउंडवरच्या पट्टीवरून पाय काढता येतो किंवा पिकऑफ करता येतो, तिसऱ्यांदा केला आणि रनर आउट झाला नाही तर बॉक, म्हणजे नियमभंग आणि रनरला पुढचा बेस. बेसही १५ इंचांचे १८ इंचांचे झाले. तेव्हा नव्या संघांच्या कार्डावर होल्डची किंमत वाढली आणि बंटवरच्या फिल्डिंगची घटली. आपल्या घरच्या बंटच्या तक्त्यात नव्या संघांचे मॅनेजर जुन्यांएवढेच बंट करणार असतील तर ते काळाला धरून होणार नाही, पण तो निर्णय मॅनेजरांचा. कार्ड बनवणाऱ्याने त्यात पडू नये.

हिशेबनीस (एरंडवणे)

तर मंडळी, तक्ता असा करतोय. असिस्टमधून पिकऑफ वजा, पुटआउट अर्धे, त्यांची बेरीज भागिले ग्राउंडर किंवा मैदानात आलेले चेंडू, जे उपलब्ध असेल ते. तीन हंगाम, मधल्याला दुप्पट वजन. पायथा ठरवतील तेवढे उसने चेंडू. मग त्या हंगामाच्या सरासरीशी तुलना करून १ ते ५. बहुतेक पिचर ३ वर येतील आणि त्यात वाईट काही नाही. १ आणि ५ मोजकेच असावेत. एरर आणि होल्ड स्वतंत्र. अर्धे पुटआउट धरल्याने सरासरीही त्याच पद्धतीने नव्याने काढावी लागेल, ती मी काढतो.

शीट बुधवारपर्यंत सगळ्यांना पाठवतो. प्रत्येकाने आपल्या संघाचे पिचर तपासायचे, आणि आकडा बदलायचा असेल तर कारण लिहायचं. "चपळ वाटतो" हे कारण धरलं जाणार नाही.

औंधची_नवखी

माझ्या संघात १९९१ चा जिम अॅबट आहे. त्याला उजवा पंजा नव्हता. डाव्या हाताने पिच करायचा आणि चेंडू सुटला की लगेच ग्लव्ह त्याच हातात चढवायचा. त्याच्यासाठी वेगळा काही नियम करायचा का? बैठकीत कोणीतरी आपोआप ५ म्हणालं होतं.

धनकवडी_डावखुरी

वेगळा नियम मुळीच नको. शाळेपासून बॅटरांनी त्याच्यावर बंट करून पाहिले आणि तो ते उचलून आउट करत राहिला, म्हणून तर तो मेजर लीगपर्यंत पोचला. ग्लव्ह चढवायचा, चेंडू घ्यायचा, ग्लव्ह काखेत धरून हात मोकळा करायचा आणि फेकायचं, हे सगळं रनर पहिल्या बेसवर पोचायच्या आत. त्यात वेळ जात असेल तर तो असिस्टमध्ये दिसेल, घाई होत असेल तर एररमध्ये. १९९०, ९१ आणि ९२ चे आकडे इतरांसारखेच शीटमध्ये भर, आणि जे रेटिंग निघेल ते छाप.

हिशेबनीस (एरंडवणे)

ताईंशी पूर्ण सहमत. नवखी, ते तीन हंगाम तूच भर आणि मला पाठव. १९९१ ची अमेरिकन लीगची सरासरी मी उद्या रात्री टाकतो.